१२,३४,५६,७८९ : एक मोठी संख्या कागदावर कशी उलगडायची

एक ते नऊ हे अंक ओळीने लिहिले की जी संख्या तयार होते, ती आधी नीट वाचून घेऊ. उजवीकडचे तीन अंक सोडून पहिला स्वल्पविराम, मग दोन-दोन अंकांनी पुढचे: १२,३४,५६,७८९. बारा कोटी चौतीस लाख छप्पन्न हजार सातशे एकोणनव्वद. एकक, दशक, शतक म्हणत डावीकडे गेलात तर शेवटचा १ दशकोटीच्या घरात बसतो.

या एकाच संख्येचे गुणधर्म आपण हाताने शोधणार आहोत. कोऱ्या कागदाची दोन पानं, पेन आणि साधा बारा अंकी कॅल्क्युलेटर एवढं पुरे. आठ अंकी चालणार नाही, कारण आपली संख्याच नऊ अंकी आहे. गणित आठवी-नववीपर्यंतचं आठवत असलं की भागेल. संगणकाला विचारलंत तर तो अवयव क्षणात सांगेल. ते कसे सापडले आणि इतक्या सहज का सापडले, हे मात्र स्वतः केल्याशिवाय कळत नाही, आणि या संख्येत खरा आनंद तिथेच आहे.

पायरी १ : अंकांची बेरीज

शेवटचा अंक ९ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. आता सगळे अंक मिळवा: १ ते ९ ची बेरीज ४५. पंचेचाळीसला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ही कसोटी शाळेत पाठ करून घेतात, पण तिचं कारण सोपं आहे. १०, १००, १००० यांपैकी कशालाही ९ ने भागलं तरी बाकी १ च उरते. त्यामुळे अंक कुठल्याही घरात असो, बाकीत तो स्वतःइतकीच भर घालतो.

याचा अर्थ अंकांचा क्रम बदलला तरी काही बिघडत नाही. १ ते ९ हे अंक एकेकदाच वापरून ३,६२,८८० वेगवेगळ्या संख्या लिहिता येतात. त्या सगळ्यांना ९ ने भाग जातो, म्हणून त्यांत मूळ संख्या एकही नाही. एक बेरीज केली आणि साडेतीन लाखांहून जास्त संख्यांचा निकाल लागला.

भागून घ्या: १२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१. अवयव सापडला की त्यानेच पुन्हा भाग जातो का ते पाहायची सवय लावून घ्या. नव्या संख्येच्या अंकांची बेरीज २६. तिला ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ हा अवयव नेमका दोनदा आहे.

पायरी २ : ७, ११ आणि १३ एकदम

या तिघांसाठी वेगळे भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१ हे लक्षात ठेवा. १००० ही संख्या १००१ ला फक्त एकने कमी पडते, म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून आळीपाळीने अधिक-उणे केले की काम होतं.

७८९ − ४५६ + १२३ = ४५६.

आता एवढ्याशा ४५६ ला भागा. ७ ने बाकी १, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी १. मूळच्या बारा कोटींनाही नेमक्या याच बाक्या उरतील. तिघेही बाद.

पायरी ३ : पुढे भागत सुटण्याआधी वर्गमूळ काढा

नवशिके इथेच चुकतात. १७ ने भागतात, मग १९, मग २३. मी ही संख्या पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा अशीच दोन पानं भरली होती आणि हाती काही लागलं नव्हतं. १,३७,१७,४२१ चा पहिला मूळ अवयव गाठायला या वाटेने ५०३ मूळ संख्या ओलांडाव्या लागतात. तो कितवा आहे हे तेव्हा ठाऊक नसतं, त्यामुळे माणूस मध्येच सोडून देतो.

म्हणून माझा आग्रह असतो की छोट्या कसोट्या झाल्या की संख्येच्या आसपास कोणता पूर्ण वर्ग आहे ते आधी बघा. कॅल्क्युलेटरवर आपल्या १२,३४,५६,७८९ चं वर्गमूळ काढलंत तर ११,१११.११ च्या किंचित पुढचं उत्तर दिसेल. आता ११,१११ चा वर्ग करा:

११,१११ × ११,१११ = १२,३४,५४,३२१.

उलटसुलट सारखाच वाचला जाणारा हा वर्ग आपल्या संख्येपेक्षा फक्त २,४६८ ने कमी आहे. इथे पेन खाली ठेवून दोन मिनिटं नुसतं बघावं. बारा कोटींच्या प्रदेशात दोन लागोपाठच्या वर्गांमध्ये बावीस हजारांहून अधिक अंतर असतं, आणि आपली संख्या एका वर्गाच्या इतकी जवळ आहे.

हे असं का? संख्येला ८१ ने गुणून पाहा. ९,९९,९९,९९,९०९ येतात, म्हणजे एक हजार कोटींना फक्त ९१ कमी. हजार कोटींचं वर्गमूळ एक लाख, ८१ चं नऊ. म्हणून आपल्या संख्येचं वर्गमूळ एक लाख भागिले नऊच्या, म्हणजे ११,१११.११…च्या, अगदी लगत येतं. ९ ने गुणून १० मिळवले की १,११,११,११,१११ येतात, हे शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर अनेकांनी केलं असेल. त्या खेळाच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

पायरी ४ : फर्माची रीत

पिएर द फर्मा हा सतराव्या शतकातला फ्रेंच माणूस. पेशाने तो तुलूझच्या न्यायालयात होता, गणित हा त्याचा ध्यास. त्याची रीत एका ओळखीच्या सूत्रावर उभी आहे: a² − b² = (a + b)(a − b), किंवा शब्दांत, दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे बेरीज गुणिले फरक. संख्या विषम असेल आणि तिचे दोन अवयव जवळजवळ असतील, तर त्यांचा मध्य वर्गमूळाच्या लगत असतो. मग वर्गमूळाच्या पुढच्या पूर्णांकापासून सुरुवात करायची, त्याचा वर्ग करायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि जे उरेल ते पूर्ण वर्ग आहे का ते बघायचं.

करून पाहू.

११,११२ चा वर्ग १२,३४,७६,५४४. उरले १९,७५५.
११,११३ चा वर्ग १२,३४,९८,७६९. उरले ४१,९८०.
११,११४ चा वर्ग १२,३५,२०,९९६. उरले ६४,२०७.
११,११५ चा वर्ग १२,३५,४३,२२५. उरले ८६,४३६.

यासाठी चार मोठे गुणाकार करायची गरज नाही. ११,१११ च्या वर्गात २२,२२३ मिळवले की पुढचा वर्ग मिळतो, त्यात २२,२२५ मिळवले की त्यापुढचा, मग २२,२२७, मग २२,२२९. लागोपाठच्या वर्गांमधले फरक दोन-दोनने वाढत जातात.

उरलेल्या संख्यांची वर्गमूळंही काढत बसू नका, शेवटचे अंक पाहा. पूर्ण वर्ग ५ वर संपत असेल तर शेवटी २५ च हवेत. १९,७५५ बाद. शून्यावर संपत असेल तर शून्यं जोडीने हवीत. ४१,९८० बाद. २, ३, ७, ८ वर तर कुठलाच पूर्ण वर्ग संपत नाही, म्हणून ६४,२०७ बाद. राहिले ८६,४३६. २९० चा वर्ग ८४,१००, म्हणजे उत्तर असलंच तर २९० च्या थोडं पुढे. शेवटी ६ असल्यामुळे २९४ किंवा २९६. २९४ × २९४ = ८६,४३६. सापडलं.

आता ११,११५ − २९४ = १०,८२१ आणि ११,११५ + २९४ = ११,४०९. या दोघांचा गुणाकार म्हणजेच आपली संख्या. दोघांच्याही अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात आहे, म्हणून १०,८२१ = ३ × ३,६०७ आणि ११,४०९ = ३ × ३,८०३. पहिल्या पायरीत सापडलेला ९ दोघांत असा सारखा वाटला गेला होता. हीच रीत १,३७,१७,४२१ वर लावलीत तर दुसऱ्याच प्रयत्नात उत्तर मिळतं: ३,७०५ चा वर्ग उणे ९८ चा वर्ग. दोन्ही वाटांनी करून बघा, हात बसतो.

फर्माने स्वतः १६४३ मध्ये २,०२,७६,५१,२८१ ही संख्या याच पद्धतीने ४४,०२१ × ४६,०६१ अशी फोडली होती. त्याला बारा वर्ग तपासावे लागतात. आपल्याला चार पुरले.

पायरी ५ : उरलेले अवयव खरंच मूळ आहेत का

ही पायरी गाळू नका. ३,६०७ आणखी फुटत असेल तर पुढचं सगळं चुकेल. ६० चा वर्ग ३,६००, त्यामुळे ३,६०७ साठी ५९ पर्यंतच्या सतरा मूळ संख्या तपासल्या की झालं. ३,८०३ साठी ६१ पर्यंत जायचं, म्हणजे अठरा. काही वेळा अगदी जवळ जाऊन हुकतं: ३,६०७ ला १७ ने आणि ५३ ने बाकी ३ उरते, ३,८०३ ला १९ ने बाकी ३. भाग कशानेच जात नाही. दोघीही मूळ संख्या. तर

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३,६०७ × ३,८०३.

पायरी ६ : अवयवांतून बाकीचे गुणधर्म

एकदा हे हाती आलं की पुढचं भराभर होतं. विभाजक मोजायचे तर प्रत्येक मूळ अवयव किती वेळा घेता येतो ते बघा. ३ घ्यायच्या तीन तऱ्हा (शून्य, एक किंवा दोन वेळा), ३,६०७ च्या दोन, ३,८०३ च्या दोन. ३ × २ × २ = १२ विभाजक. ते असे: १, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३ आणि ती स्वतः.

त्यांची बेरीज एकेक न मिळवताही निघते: (१ + ३ + ९) × (१ + ३,६०७) × (१ + ३,८०३) = १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. ६ ही परिपूर्ण संख्या आहे, कारण तिच्यापेक्षा लहान विभाजकांची बेरीज, १ + २ + ३, तिच्याएवढीच भरते. आपल्या संख्येत ही बेरीज निम्म्यालाही पोचत नाही. मोठे मूळ अवयव असलेल्या विषम संख्यांचं बहुधा असंच होतं.

आणखी एक प्रश्न मला फार आवडतो: ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर तिची बाकी १ उरते, म्हणून आशा वाटते. १३ = ४ + ९ आणि २९ = ४ + २५ या अशाच संख्या आहेत. पण नियम अवयवांकडे बघतो. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा यायला हवा. ३,६०७ ची बाकी ३, ३,८०३ ची बाकीही ३, आणि दोघेही एकेकदाच आलेत. त्यांच्या गुणाकारात तीन त्रिक नऊ होऊन बाकी १ दिसते, म्हणून वरवर कळत नाही. उत्तर: नाही लिहिता येत. वर्गांची वजाबाकी मात्र आपण नुकतीच करून दाखवली.

पायरी ७ : उलटी करून बघा

अंक उलटे लिहा: ९८,७६,५४,३२१. या मोठीला छोटीने भागा. भाग ८ वेळा जातो आणि बाकी उरते फक्त ९. आता दोघींचा मसावि काढायचा तर युक्लिडच्या रीतीने १२,३४,५६,७८९ ला ९ ने भागायचं, आणि तो भाग पूर्ण जातो हे पहिल्याच पायरीत कळलंय. मसावि ९. दोन ओळींत काम संपलं.

भागाकाराऐवजी वजाबाकी केली तर आपण देवळालीला पोचतो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे डहाणूत जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणारे गणितप्रेमी. त्यांची १९४९ मधली रीत प्रसिद्ध आहे: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या क्रमाने लिहा, वजा करा, आणि आलेल्या उत्तरावर हेच पुन्हा करा. चार अंकी संख्या घेतली, आणि चारही अंक एकच नसले, तर शेवटी ६१७४ येतंच आणि तिथेच थांबतं, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४.

आपल्या नऊ अंकांवर हीच रीत लावा:

९८,७६,५४,३२१ − १२,३४,५६,७८९ = ८६,४१,९७,५३२.

उत्तरातले अंक बोटाने मोजा. १ ते ९ सगळे आहेत, एकेकदाच. म्हणजे पुढची वजाबाकीही हीच असणार आणि उत्तरही हेच. ६१७४ चार अंकांत जशी जागची हलत नाही, तशी ही नऊ अंकांत. आपली संख्या एकाच पावलात तिथे पोचते.

कापरेकरांनी ‘हर्षद’ असंही एक नाव दिलं होतं, आनंद देणारी संख्या. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो ती हर्षद. आपली बेरीज ४५, त्यामुळे ५ ने भाग जायला हवा, आणि शेवटी तर ९ आहे. आपली संख्या हर्षद नाही. पण ५ उचलून शेवटी ठेवा, १२,३४,६७,८९५ करा, की ती हर्षद होते. ५ ने संपणारी अशी प्रत्येक मांडणी हर्षदच असते, आणि अशा मांडण्या ४०,३२० आहेत. पूर्ण वर्गही या मांडण्यांत लपलेले आहेत: ११,८२६ चा वर्ग १३,९८,५४,२७६.

पायरी ८ : द्विमान रूप

द्विमान म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या. याला फार वेळ देऊ नका. २ ने भागत बाक्या खालून वर लिहिल्या की १११०१०११०११११००११०१०००१०१०१ मिळतं, सत्तावीस अंकी, त्यात सोळा एक. लिहून झाल्यावर अंक मोजून पाहा, एखादं शून्य गळणं फार सोपं असतं.

ताळा कसा करायचा

नवाचा ताळा अजूनही उत्तम आहे, पण त्याचा एक कमकुवतपणा ओळखून राहा. अंकांची अदलाबदल त्याला कळत नाही, आणि हाताने लिहिताना नेमकी तीच चूक सर्वांत जास्त होते. म्हणून जोडीला ११ चा ताळा घ्या: उजवीकडून एकाआड एक अंक अधिक-उणे करा. आपल्या संख्येसाठी ९ − ८ + ७ − ६ + ५ − ४ + ३ − २ + १ = ५, आणि दुसऱ्या पायरीतही ११ ची बाकी ५ च आली होती. शेजारचे दोन वेगळे अंक उलटे पडले की ही बाकी बदलते.

संगणकावर करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. एक्सेल पंधरा अंकांपुढचं जपून ठेवत नाही. या संख्येचा वर्ग १५२४१५७८७५०१९०५२१, सतरा अंकी. एक्सेलमध्ये शेवटच्या २१ च्या जागी शून्यं दिसतील. पायथॉनमध्ये पूर्णांक पूर्ण राहतात, तिथे करा.

ही रीत कुठे अडते

अवयव एकमेकांपासून दूर असले की फर्माची रीत थकते. ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे असं स्वतः फर्माला वाटत होतं. १७३२ मध्ये ऑयलरने दाखवलं की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे. तिच्यावर वर्गांची रीत लावली तर सुमारे ३२ लाख ८५ हजार वर्ग तपासावे लागतात. ओळीने भागत गेलं तर ६४१ ही एकशेसोळावी मूळ संख्या आहे, संयमाने दोन-चार तासांत हाताने सापडेल. याच कारणाने आरएसए या गुप्तलेखन पद्धतीत शेकडो अंकी मूळ संख्या निवडताना त्या एकमेकींच्या फार जवळ नसतील अशी काळजी घेतात.

म्हणून मी क्रम असा ठेवतो: आधी अंकांच्या कसोट्या, मग पाच-सात वर्ग, आणि तरीही काही नाही निघालं तर पुन्हा १७ पासून भागाकार.

हा क्रम घेऊन ९८,७६,५४,३२१ स्वतः फोडून बघा. ९ ने भागल्यावर १०,९७,३९,३६९ उरतील. वर्गमूळ १०,४७५ च्या पुढे येईल, पण या वेळी पहिले पाच-सात वर्ग रिकामे जातील. मग १७ ने भागा, आणि भाग गेल्यावर लगेच पुढे सरकू नका, पहिल्या पायरीतली सवय आठवा. शेवटी ३,७९,७२१ उरले की ती मूळ आहे हे पटवायला ६१३ पर्यंतच्या ११२ मूळ संख्या तपासाव्या लागतील. त्यासाठी कागदाचं तिसरं पान काढून ठेवा.